पद कटत नाही

रविवार, सकाळचे साडेसात. बोरगाव मेघे, हिवरे सरांच्या घरासमोरचा ओटा. चहा अर्धा झालेला. फाटकाशी एक माणूस, दहावी झालेल्या मुलीला घेऊन उभा.

घटना एवढीच. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

बातमीदाराकडे दोन प्रकारचा माल जमतो. छापून येतो तो दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. छापता येत नाही तो डोक्यात पडून राहतो आणि त्याचे किस्से होतात. पोलीस, बाजार समिती, झेडपी, सगळ्या बीटचे किस्से माझ्याकडे आहेत आणि ते मी लग्नाच्या पंगतीत फुकट वाटतो. पण यंदा सगळ्यात जास्त साचले ते बीजगणिताचे. हसू नका. या जिल्ह्यात दारूच्या धाडीइतक्या भानगडी अपूर्णांकाच्या आडव्या रेघेखाली होतात, फक्त त्यांचा पंचनामा कोणी करत नाही.

ओट्यावरची माणसं सांगतो, मोजकीच आहेत. हिवरे सर, निवृत्त गणित शिक्षक. मलाही दहावीला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे माझ्या बातमीत आकडा चुकला की त्यांचा फोन पेपरवाल्याच्या आधी येतो. लोणारे मॅडम, सेलूच्या शाळेत गणित शिकवतात. गजू येळणे, कोचिंग क्लासवाला, वर्ध्यात त्याचे तीन बॅनर आहेत. आणि मी. दर रविवारी जमतो आणि शिक्षणाच्या नावानं बोटं मोडतो.

फाटकाशी उभा होता तो दामोदर कामडी. गिरडला दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचं दुकान आहे, चादरी, फुलं, अगरबत्ती, रेवड्या. पहिल्या एसटीनं आला होता. मुलगी पल्लवी.

वर्ध्यात एक संस्था आहे. नाव लिहीत नाही, आमच्या पेपरच्या वकिलाला झोप प्रिय आहे. ही संस्था खेड्यातल्या मुलींना परीक्षा घेऊन निवडते आणि अकरावी-बारावी सायन्स, राहणं, जेवण, सगळं फुकट करते. चांगलं काम आहे, कोणी नाकारत नाही. पल्लवी त्या परीक्षेत एका मार्कानं राहिली. वेटिंगला पहिली. एक प्रश्न तिचा चुकीचा धरला होता आणि तिचं म्हणणं, चूक तिची नाही, संस्थेची आहे.

“मले गणित येत नाई सर,” दामोदर म्हणाला. “पण पोट्टी रडली असती तर समजावलं असतं. ते रडून नाई राह्यली, भांडून राह्यली. म्हून आणलं.”

नाही झालं तर पोरीला समुद्रपूरला आर्ट्सला टाकायचं आणि उरलेला वेळ दुकानात, असं घरात ठरलं होतं. तेही त्यानं सांगितलं, तिच्यासमोरच.

प्रश्न होता: सरळ रूप द्या. वर एक्स वर्ग अधिक नऊ, खाली एक्स अधिक तीन. पर्याय अ, एक्स अधिक तीन. ब आणि क काहीतरी होते. ड, याहून सरळ रूप होत नाही. पल्लवीनं ड केलं होतं. संस्थेची उत्तरतालिका म्हणत होती अ.

सरांनी तिला विचारलं, काऊन नाई होत?

“वर जोडलेलं आहे सर. गुणलेलं नाही.”

 सर आत तोंड करून वहिनींना म्हणाले, अजून दोन कप टाक.

* * *

ज्यांनी बीजगणित दहावीनंतर शाळेतच ठेवून दिलं त्यांच्यासाठी सरांचा धडा सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढची मजा कळणार नाही.

अपूर्णांकात वर आणि खाली तेच दिसलं की आपण काटतो. पण काटायचा हक्क फक्त अवयवाला आहे, म्हणजे जो गुणाकारानं चिकटलाय त्याला. अधिक-वजानं जोडलेलं असेल तर ते पद. अवयव कटतो, पद कटत नाही. वर पाच अधिक तीन आणि खाली पाच अधिक एक असेल, तर पाचाला पाच काटून तीन उत्तर येत नाही. आठ भागिले सहा येतं, म्हणजे दीडसुद्धा नाही.

एवढंच. हे एवढंच सर आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या वर्गात कोणी पदं काटली की ते फळ्याजवळ बोलवत आणि विचारत, “तुझ्या आजोबाच्या घरात तीन भाऊ राहतात, माझ्या घरात तीन भाऊ राहतात. म्हणून काय तुमचे-आमचे भाऊ कटले?”

माझ्या बॅचचा एक जण म्हणाला होता, सर, आमच्या घरचे तर वाटणीत कटलेच.

त्याला उठाबशा मिळाल्या. पुढे तो वकील झाला.

* * *

ही काटण्याची खोड कुठून येते, यावर लोणारे मॅडमचा किस्सा ऐकण्यासारखा आहे.

त्यांच्या शाळेत एका पोरानं युनिट टेस्टमध्ये वर एक्स वर्ग वजा नऊ, खाली एक्स वजा तीन, याचं सरळ रूप दिलं. एक्स वर्गाला एक्सनं काटलं, उरला एक्स. नऊला तीननं काटलं, उरले तीन. आणि वजाला वजानं काटलं, मायनस मायनस प्लस. उत्तर, एक्स अधिक तीन.

उत्तर बरोबर! रीत अशी की पाहून माणसानं शाळा सोडावी. मॅडमनी शून्य दिलं.

पोराचे वडील सेलूचे व्यापारी, ते थेट हेडसरांकडे गेले. हेडसर इतिहासाचे. त्यांनी पेपर पाहिला, गाईड पाहिलं, मॅडमना बोलावलं. उत्तर बरोबर आहे ना? आहे सर, पण रीत... मॅडम, पानिपतला मराठे कुठल्या वाटेनं गेले याला मार्क नसतो, गेले याला असतो. पूर्ण गुण द्या.

दिले.

पुढच्या टेस्टला त्याच पोरानं अधिकवाल्या गणितातही हाच उद्योग केला. सगळं काटलं आणि ठणठणीत चुकलं. मॅडमनी वर्गात विचारलं, हे कोणी शिकवलं?

“हेडसरनी पास केलतं मॅडम.”

* * *

आता पुन्हा पल्लवीकडे येतो.

संस्थेकडे हरकत द्यायची तर अट होती, सध्या नोकरीत असलेल्या किंवा क्लास चालवणाऱ्या गणित शिक्षकाची सही पाहिजे. म्हणजे हिवरे सर बाद. ज्यानं हयातभर शिकवलं त्याची सही चालत नाही, कारण त्यानं आता थांबवलंय. मी तिथंच भडकलो. सर म्हणाले, भडकू नको, चहा पी.

मॅडमना सहीसाठी हेडसरांची परवानगी लागली असती, म्हणून सगळ्यांनी गजूकडे पाहिलं. गजू बिस्कीट बुडवत होता.

गजूचा क्लास म्हणजे शॉर्टकटची टपरी. बॅनरवरच लिहिलंय, कमी वेळ, जास्त मार्क. तो पोरांना सांगतो, वर-खाली जोडीदार दिसला की काटा, विचार करू नका, विचार करायला टाइम नसतो. त्याच्या क्लासच्या ज्या पोरी त्या परीक्षेला बसल्या होत्या त्यांनी विचार केला नाही. वर एक्स, खाली एक्स, वर नऊ, खाली तीन, झपाझप काटलं आणि अ करून मोकळ्या झाल्या. मार्क मिळाला. त्यांतल्या दोघी निवडल्या गेल्या. त्यांचे फोटो बॅनरवर छापायला गेले होते.

मी गजूला सरळ विचारलं, तुला माहीत आहे ना उत्तर चूक आहे? त्यानं मान हलवली. हो, माहीत आहे. मग सही कर.

“भाऊ, मी बी चूक शिकवलं, तेही चूक धरून बसले. दोन चुका सारख्या झाल्या, कटल्या. आता तुम्ही कायले जोडून राह्यले?”

असं उत्तर द्यायला एक प्रकारची प्रतिभा लागते. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. फोटोवाला बॅनर लागला. एका पोरीच्या डोक्यावर विजेचा खांब आला होता.

सही लोणारे मॅडमनी केली. हेडसरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर पानिपत झालं असतं.

* * *

मग बातमी. इथं मी गप्प बसलं पाहिजे, कारण हा किस्सा माझ्याच घरचा आहे. पण बसवत नाही.

मी सगळं नीट लिहिलं. प्रश्न, पर्याय, उत्तरतालिका, पदं कशी काटली, कुठं चुकलं. अपूर्णांक हातानं कागदावर काढून फोटो पाठवला, म्हणजे टाइपिंगमध्ये घोळ नको. नागपूर डेस्कला फोन करून बजावलं की अधिकचं चिन्ह बघा रे, सगळी बातमी त्या अधिकवर उभी आहे.

हो भाऊ, बघतो भाऊ.

सकाळी पेपर उघडला. पान तीन, बॉक्समध्ये, चांगली जाड बॉर्डर. वर एक्स वर्ग वजा नऊ. खाली एक्स वजा तीन.

 फोन लावला. डेस्कवरचा मुलगा चांगला, मेहनती, बी.एस्सी. झालेला. तो अभिमानानं म्हणाला, भाऊ, तुमच्या बातमीत चूक होती. मी पुस्तक काढून पाहिलं, पुस्तकात दोन्हीकडे वजा आहे. म्हणून दुरुस्त केलं.

दोन्हीकडे वजा केलं की संस्थेचं उत्तर बरोबर येतं. नऊ वाजायच्या आत संस्थेच्या समन्वयकांचा मला फोन आला. आवाज लोण्यासारखा.

“तुमच्या आजच्या बातमीबद्दल धन्यवाद. आम्ही तेच म्हणत होतो.”

दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र आलं. कुठं? आठव्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली. कालच्या बातमीत वजाच्या जागी अधिक वाचावे, क्षमस्व. ज्याला काल कळलं नव्हतं त्याला आजही कळलं नाही. दामोदरनं तो कागद दुकानात लावला होता. दर्ग्यावरून उतरणारे लोक थांबून वाचायचे. एक जण त्याला विचारत होता म्हणे, काय हरवलं बाप्पा तुमचं?

* * *

दामोदर हुशार माणूस. दुकानदार आहे, एका दारावर माल विकला नाही गेला तर दुसरं दार धरतो. आम्हाला न सांगता तो पल्लवीला घेऊन एका पुढाऱ्याकडे गेला. हा भाग त्यानंच नंतर ओट्यावर सांगितला, मान खाली घालून.

पुढारी भला होता. पोरीला बसवलं, सरबत दिलं. एका मार्काचा प्रश्न आहे ऐकल्यावर त्याला बरं वाटलं. रस्त्याची, पुलाची कामं घेऊन लोक येतात, एक मार्क म्हणजे किरकोळ. बेटा, वाढवून देतो म्हणाला आणि फोन हातात घेतला.

पल्लवी म्हणाली, वाढवू नका काका, बरोबर करा.

“त्यात फरक काय हाय?”

“वाढवला तर तुमचा. बरोबर केला तर माझा.”

 दामोदरनं पोरीचा हात दाबला. पुढारी मात्र रागावला नाही, हसला, आणि विचारलं, परीक्षा समितीचा अध्यक्ष कोण आहे? दामोदरनं नाव सांगितलं. हे गृहस्थ एका कॉलेजचे प्राचार्य होते, तीन संस्थांच्या कार्यकारिणीवर होते, आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी मोठ्या समितीवर जाणार अशी हवा होती.

पुढाऱ्यानं फोन टेबलावर ठेवला. उताणा नाही, पालथा.

“त्याइचं पद मोठं हाय, दामोदरभाऊ.”

 हे ऐकून ओट्यावर हिवरे सर म्हणाले, मी पोरांना दुसरं काय शिकवलं? अवयव कटतात. पद कटत नाही.

मॅडम हसल्या. मी नाही हसलो. मला त्या दिवशी काहीच हसण्यासारखं दिसत नव्हतं. मी गाडीला किक मारली आणि कुठं जायचं हे न ठरवता सेवाग्रामच्या रस्त्याला लागलो, अर्ध्यातून परत आलो.

* * *

सुनावणी शनिवारी सकाळी अकराला होती, संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर. पत्रकारांना प्रवेश नाही असं शिपायानं सांगितलं. मी म्हटलं मी पत्रकार नाही, मुलीचा काका आहे. दामोदर म्हणाला, हाव जी, चुलता हाय. गिरडचा माणूस, दर्ग्याच्या पायथ्याशी धंदा करून खोटं बोलला. त्याचं पाप माझ्या खात्यात.

आत अध्यक्ष, समन्वयक आणि एक विषयतज्ज्ञ. तज्ज्ञ तरुण होते, टाय बांधलेला, वर्ध्याच्या त्या उकाड्यात टाय. पंखा होता, पण तो फक्त अध्यक्षांकडे पाहत होता.

अध्यक्ष सौजन्यानं बोलले. मुलीचं कौतुक केलं, खेड्यातून येऊन प्रश्न विचारते वगैरे. म्हणाले, आम्ही हरकत हलकी घेतली नाही. तज्ज्ञांकडून पडताळणी करून घेतली. सर, सांगा.

तज्ज्ञ फळ्याजवळ गेले. म्हणाले, सरळ रूप बरोबर आहे की नाही हे तपासायची पद्धत असते. एक्सच्या जागी एखादी संख्या ठेवायची. मूळ राशीतही ठेवायची, उत्तरातही ठेवायची. दोन्हीकडे सारखं आलं तर बरोबर. पद्धत बरोबरच होती, मी मान डोलावली.

मग त्यांनी एक्सच्या जागी शून्य ठेवलं.

वर शून्य अधिक नऊ, नऊ. खाली शून्य अधिक तीन, तीन. नऊ भागिले तीन, तीन. आता उत्तर, शून्य अधिक तीन, तीन. तीन बरोबर तीन. त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू ठेवला.

अध्यक्षांनी हात पसरले. झालं ना बेटा समाधान?

पल्लवी ओढणीचं टोक चावत बसली होती. उठली. म्हणाली, सर, शून्याच्या जागी एक ठेवून पाहता का?

तज्ज्ञांनी खडू उचलला. वर एक अधिक नऊ, दहा. खाली एक अधिक तीन, चार. दहा भागिले चार. एवढं लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला. अडीच. उत्तराप्रमाणे यायला पाहिजे होते चार. त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो, त्यांना बरोबर कळलं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्षांनी विचारलं, हा एक कुठून आणला? प्रश्नात एक कुठं आहे?

पल्लवी म्हणाली, शून्य तरी कुठं होतं सर.

“शून्य तज्ज्ञांनी घेतलं,” अध्यक्ष म्हणाले. “एक तू घेतलास.”

तज्ज्ञांनी डस्टर घेऊन फळा पुसायला सुरुवात केली. आधी एकवालं पुसलं. शून्यवालं राहू दिलं.

खाली उतरताना मी जिन्यात सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अरे, ते उत्तर फक्त शून्यालाच बरोबर आहे. बाकी कुठलीही संख्या घे, चूकच येईल. सगळ्या संख्या सोडून त्या माणसानं नेमकं शून्य धरलं. हे चुकून होत नाही, याला अनुभव लागतो.

* * *

शून्याची बातमी मी पुन्हा लिहिली. या वेळी डेस्कच्या खुर्चीमागे उभा राहून पान लावून घेतलं. अधिक अधिकच राहिलं. बातमी पसरली, व्हॉट्सॲपवर फिरली, वर्ध्याच्या दोन-तीन प्राध्यापकांनी नाव न छापण्याच्या अटीवर ती बरोबर असल्याचं सांगितलं. नाव छापायला कोणी तयार नव्हतं. गणिताला नाव लागत नाही हे खरं, पण गणितज्ञाला तरी असावं.

आठवड्यात संस्थेचं निवेदन आलं. वादग्रस्त प्रश्न रद्द करण्यात येत आहे. तो सोडवण्याचा प्रयत्न केलेल्या प्रत्येक विद्यार्थिनीला पूर्ण गुण देण्यात येतील. सुधारित यादी सोमवारी गेटवर लागेल.

ओट्यावर रविवारी दामोदर रेवड्यांचा पुडा घेऊन आला. गजूही आला, मी त्याच्याशी बोललो. सरांनी पल्लवीला अकरावीचं एक पुस्तक दिलं, त्रिकोणमितीचं पान दुमडून. तिनं ते तिथंच उघडून वाचायला घेतलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये वाचू नये, असं दामोदर म्हणाला. सर म्हणाले, आता तिला कोणी काही म्हणायचं नाही.

सोमवारी चारला आम्ही गेटवर गेलो. यादी लागली होती. पोरींची गर्दी. पल्लवी पुढं घुसली, बोट फिरवत खाली-खाली गेली आणि थांबली. परत वरून सुरुवात केली. मग आमच्याकडे न पाहता बाजूला उभी राहिली.

तिचे मार्क तेवढेच होते. वेटिंगला ती पहिली होती, आता नव्हती. तिच्यावर चार नावं चढली होती.

मी आत घुसलो, दामोदर मागे, पोरगी त्याच्या मागे. कॉम्प्युटरसमोर जो माणूस होता तो ऑपरेटर, स्वभावानं वाईट नाही, त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि शांतपणे समजावून सांगितलं. निवेदनात लिहिलं आहे, सोडवण्याचा प्रयत्न केलेल्यांना गुण. ज्यांनी अ केलं त्यांचा तो गुण होताच. ज्यांनी ब किंवा क केलं त्यांनी प्रयत्न केला, चुकला, पण केला. त्यांना दिला. आता ड. त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. ड मध्ये काय लिहिलंय, याहून सरळ रूप होत नाही. म्हणजे ज्यांनी ड केलं त्यांनी सांगितलं की होत नाही. त्यांनी सोडवलंच नाही. मग प्रयत्न कुठं झाला?

दामोदर माझ्याकडे पाहत होता. मी एवढ्या वर्षांत मंत्र्यांना, ठाणेदारांना, कलेक्टरांना उलटे प्रश्न विचारलेत. या वेळी मी फक्त स्क्रीनवरचा ड पुन्हा वाचला.

पल्लवीनं विचारलं, मग मी काय करायला पाहिजे होतं?

“काहीतरी टिक करायचं होतं ना ताई,” ऑपरेटर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “चुकीचं का असेना.”

बाहेर आल्यावर दामोदर म्हणाला, भांडलो नसतो तर पयल्या नंबरवर तरी राह्यली असती.

 पल्लवी परत गेटकडे गेली आणि यादीशेजारी लावलेली सुधारित उत्तरतालिका वाचत उभी राहिली.

ड करणाऱ्यांनी प्रयत्न केला नाही, हे कोणी ठरवलं, असं मी समन्वयकांना विचारलं. त्यांनी अध्यक्षांना विचारा म्हणून सांगितलं. अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले तांत्रिक बाब आहे, संगणक विभागाला विचारा. त्यानंतर त्यांची मोठ्या समितीवर नेमणूक झाली आणि ते नागपूरला गेले. लोणारे मॅडमच्या सहीनं दुसरी हरकत दिली आहे. तिची पोच मिळाली, उत्तर नाही.

संस्थेत वर्ग सुरू झाले आहेत. पल्लवी समुद्रपूरच्या एसटीनं जाते-येते. सुधारित उत्तरतालिका अजून गेटवर आहे. तिच्यात प्रत्येक प्रश्नापुढे अ, ब, क किंवा ड लिहिलेलं आहे, त्या एका प्रश्नापुढे काहीही लिहिलेलं नाही.